बैसाणे मॅडमची भीड

बैसाणे मॅडमना दुधाचा चहा आवडत नाही, हे मला कळायला बरीच वर्षं लागली. त्या वर्षांत मी स्वतः त्यांना तो किती वेळा पाजला असेल, देव जाणे. कॉलेजच्या कँटीनमध्ये पाजला, आमच्या घरी पाजला, माझ्या लग्नात तर जेवण झाल्यावर आग्रहाने दुसरा कप हातात दिला. दर वेळी त्या ‘वा’ म्हणाल्या आणि कप रिकामा करून खाली ठेवला. धुळ्यातल्या ज्या ज्या घरात त्यांचा विद्यार्थी होता, आणि असं घर नसलेली गल्ली शोधावीच लागली असती, त्या प्रत्येक घरात त्यांचा असा छळ झालेला आहे. आणि ह्या बाई आम्हाला शिकवत काय होत्या, तर माणसाला जे हवं आणि लोकांना त्याच्याकडून जे हवं, त्यात माणसाचं काय होतं ते.

एम.ए.ला भाषांतरित साहित्याचा एक पेपर होता. कुठल्या देशाचं साहित्य घ्यायचं हे शिकवणाऱ्यावर सोपवलेलं असे. बाकीचे प्राध्यापक गाईड मिळेल असा देश निवडत. मॅडमनी जपान निवडला. का, असं आम्ही पहिल्याच दिवशी विचारलं. ‘‘ती माणसं आपल्यासारखी आहेत म्हणून,’’ त्या म्हणाल्या. आमच्या वर्गात शिरपूरचा मी, शिंदखेड्याच्या दोघी मुली, साक्रीकडचा हिंमत, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलेला रोहिदास. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आपल्यात जपानी कोण दिसतंय, ते कोणालाच ठरवता येईना.

पुस्तकं मिळायची मारामार. मराठीत थोडी, हिंदीत थोडी, बाकी इंग्रजीत. इंग्रजीचं नाव काढलं की आमची तोंडं उतरत. मग मॅडम पुस्तक मिटून टेबलावर ठेवत, खुर्ची पुढे ओढत आणि गोष्ट अहिराणीत सांगायला लागत. व्याख्यान पुस्तकी मराठीत आणि गोष्ट अहिराणीत, हा त्यांचा नेम होता. जपानी नावं आमच्या डोक्यात राहत नसत, म्हणून त्या पात्रांना घरची नावं देत. ‘‘हिला आपण सुमन म्हणू. शिंदखेड्याचीच समजा.’’ ह्या सोयीचा व्हायचा तो परिणाम झाला. परीक्षेत हिंमतने लिहिलं, ‘सुमनबाई ह्या तोक्यो येथे दिराकडे राहत असून त्यांची फार घुसमट होते.’ मॅडमनी त्याला मार्क दिले. घुसमट बरोबर ओळखली आहे, पत्त्याचं आपण नंतर बघू, म्हणाल्या.

ती सुमनची गोष्ट मला अजून तोंडपाठ आहे. ‘‘एक बाई व्हती. तिन्हा नवरा मरी गया व्हता. दीर भला मानूस. दर हिवाळाले सरपन धाडे.’’ सरपण आलं की सुमनबाईने आभार मानायला जायचं, जावेच्या हाताखाली दोन दिवस राबायचं, आणि गावाने म्हणायचं, बघा, दीर असावा तर असा. कोणी तिला वाईट बोलत नाही, कोणी उपाशी ठेवत नाही. एका हिवाळ्यात ती सरपण परत पाठवते आणि थंड घरात पांघरूण घेऊन बसते. गोष्ट संपली.

वर्ग खवळला. बाई कृतघ्न आहे इथपासून बाईचं डोकं फिरलंय इथपर्यंत सगळे निकाल लागले. मॅडम थांबल्या आणि त्यांचा नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला, ‘‘तिला काय हवं होतं?’’ कुठल्याही गोष्टीनंतर त्या हाच प्रश्न विचारत. ‘‘तिला सरपण नको होतं असं नाही रे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिला एक हिवाळा स्वतःचा हवा होता.’’

दुसऱ्या एका गोष्टीतला कारकून ऑफिसच्या सहलीला जायचं टाळतो, आगगाडीत बसून शेवटच्या स्टेशनापर्यंत जातो, तिथे बाकावर बसतो आणि संध्याकाळी सगळ्यांसाठी मिठाई घेऊन परत येतो. ‘‘एवढंच?’’ हिंमत म्हणाला. ‘‘एवढंच. एवढंसुद्धा तू करून दाखव.’’ आपल्या कादंबऱ्यांत माणूस बंड करतो नाही तर मरतो, ह्यांच्या कादंबऱ्यांत तो मुकाट जेवायला बसतो, आणि खरं म्हणजे धुळे-जळगावात तो तेच करतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

ह्या सगळ्याच्या मुळाशी जपान्यांचा एक शब्द होता, गिरी. शब्द ऐकताच हिंमतने विचारलं, ‘‘दादागिरीतली का मॅडम?’’ हशा झाला. मॅडमही हसल्या. ‘‘त्याच्या उलट. दादागिरीत तू दुसऱ्याला दाबतोस. ह्यात दुसरा काहीच करत नाही आणि तू दबतोस.’’ मग त्यांनी फळ्यावर मराठी शब्द लिहिला, भीड. उपकाराची भीड, नात्याची भीड, ‘नाही’ म्हणवत नाही ती भीड. ह्यावर आम्ही निबंध लिहून आणायचा होता.

रोहिदासच्या गावापासून मध्य प्रदेश हाकेच्या अंतरावर. त्याची बोली वेगळी, वाचन हिंदी. त्याने भीड म्हणजे हिंदीतली भीड धरली. ‘जपानमध्ये लोकसंख्या जास्त असल्यामुळे नायिकेभोवती सतत भीड असते. ह्या भिडेमुळे तिला हलता येत नाही. कोठेही गेली तरी भीड तिच्यासोबत येते.’ मॅडम वाचत गेल्या आणि आम्ही बाकं बडवून हसलो. रोहिदास मान खाली घालून बसला होता. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तोच परिच्छेद पुन्हा वाचला, ह्या वेळी सावकाश. ‘‘गप बसा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हा एकटाच बरोबर आहे. मी इतकी वर्षं शिकवतेय, मला हे सुचलं नाही. भीड म्हणजे गर्दीच. घरात तुम्ही एकटे असता तेव्हाही ती असते.’’ त्या दिवसापासून वर्गात भीड शब्द आला की त्या रोहिदासकडे बघून मान हलवत, आणि रोहिदास लाजून आणखी खाली बघे. आम्ही त्याचं नाव ‘गर्दी’ पाडलं. तो आज शिरपूरला शिकवतो आणि हेच नाव अभिमानाने सांगतो.

मॅडमच्या स्वतःच्या डोक्यातली गर्दी काही थोडीथोडकी नव्हती. लग्न केलेलं नव्हतं, धुळ्याच्या देवपूर भागात दोन खोल्यांचा फ्लॅट होता, आणि एकट्या बाईला काम तरी काय असतं, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. निरोपसमारंभाचं मानपत्र मॅडम लिहिणार. कोणाच्या मुलीला परीक्षेला यायचंय, मॅडमकडे उतरवा. बचत गटाचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, खपत नाहीत, मॅडम घेतात. त्यांच्या स्वयंपाकघरात बिबड्यांचे डबे छतापर्यंत गेले होते आणि आम्ही भेटायला गेलो की तळून तळून खाऊ घालत, तरी ते संपत नसत.

ह्या भिडेचा उपयोग कसा करून घ्यायचा, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझं बी.ए. झालं तेव्हा माझ्या वडिलांनी मला बी-बियाण्यांच्या दुकानात बसवायचं ठरवलं होतं. एम.ए. मराठी करून काय मिळतं, हा त्यांचा प्रश्न होता. मॅडमना कळलं. भर मे महिन्यात दुपारच्या एस.टी.ने त्या धुळ्याहून शिरपूरला आमच्या घरी आल्या. माझ्या शिक्षणाविषयी अवाक्षर काढलं नाही. आईने केलेला वेलची घातलेला घट्ट चहा प्यायल्या, कपाशीचं विचारलं, आईच्या गुडघ्यांचं विचारलं, आणखी अर्धा कप चहा घेतला. जाताना चपला घालता घालता म्हणाल्या, ‘‘ह्याला माझ्याकडे पाठवाल ना?’’ बस. मॅडम गेल्यावर वडील ओसरीवरून आत आले. मग आईला म्हणाले, ‘‘इतल्या ऊनमा बाई घर ऊनी. आते नही कसं म्हनू?’’ आज मी शिक्षक आहे तो त्या दीड कप चहाच्या जोरावर.

मॅडमचं माहेर धरणगावचं. वडील लवकर गेले तेव्हा थोरल्या भावाने शाळा सोडून कापसाच्या जिनिंगमध्ये काम धरलं, बहीण शिकावी म्हणून. त्यांना सगळे नाना म्हणत. पुढे त्यांनी स्वतःचं खताचं दुकान काढलं. नाना महिन्यातून एकदा धुळ्याला येत, हातात भरताच्या वांग्यांची पिशवी. फ्लॅटभर पसरलेल्या पुस्तकांकडे बघून ‘‘आते कितलं वाचशी, मालू?’’ म्हणत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. आपण शाळा सोडली हे ते कधी बोलून दाखवत नसत. त्यांनी एकदा तरी बोलून दाखवलं असतं तर मला सोपं गेलं असतं, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

त्या निवृत्त व्हायच्या वर्षी नानांनी धरणगावात घरावर मजला चढवला. वरची खोली मॅडमची. निवृत्त झाल्यावर बहीण घरी येणार, हे त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं, कारण त्यात विचारण्यासारखं काही होतं असं त्यांना वाटलंच नव्हतं. मॅडमना जायचं नव्हतं. त्यांना देवपुरातल्या त्याच दोन खोल्यांत एकटीने राहायचं होतं. पण हे नानांना सांगायचं कोणी आणि कोणत्या तोंडाने?

गृहप्रवेशाला मी त्यांना माझ्या गाडीतून नेलं. तेव्हा मीही धुळ्यातच नोकरीला होतो. अमळनेरपर्यंत मॅडम वाक्य जुळवत होत्या. ‘‘भाऊ, घर अतिशय सुंदर झालं आहे, तथापि.’’ मग स्वतःच म्हणाल्या, ‘‘तथापि नको. तथापि म्हटलं तर तो घाबरेल.’’ अमळनेरला आम्ही पाणी प्यायला थांबलो, तिथे ‘परंतु’ ठरला. धरणगाव जवळ आलं तसा ‘परंतु’ही गेला. ‘‘सर,’’ त्या मला म्हणाल्या, मी नोकरीला लागल्यापासून त्या मला सर म्हणत आणि मला ते कसंसंच होई, ‘‘मी आज बोलले नाही तर कायमची आले समजा.’’

नाना नवा पांढरा शर्ट घालून दारात उभे होते. आम्हाला थेट वर घेऊन गेले. खोली मी पाहिली, आणि खरं सांगतो, मॅडमऐवजी मी असतो तर तिथेच राहिलो असतो. खिडकीबाहेर कडुनिंब. मॅडमचे गुडघे दुखतात म्हणून कमोड. आणि एक अख्खी भिंत भरून सागवानी फळ्या. मागच्या खेपेला मॅडम स्वयंपाकघरात असताना नानांनी त्यांची पुस्तकांची कपाटं चक्क वितीने मोजून घेतली होती. फळ्यांवर हात फिरवत ते आल्यागेल्याला सांगत होते, ‘‘आते मन्ही बहीन घर ई ऱ्हायनी. बठ्ठं तिन्हासाठे करेल शे.’’

खाली बुद्धवंदना झाली, खीर झाली, वरण-बट्टीचं जेवण झालं. गल्लीतल्या बाया मॅडमचा हात हातात घेऊन म्हणत होत्या, नशीब लागतं बाई, असा भाऊ मिळायला. मॅडम हात जोडत होत्या. पाहुण्यांबरोबर चहा प्याल्या, शेजाऱ्यांबरोबर प्याल्या, वहिनींनी आग्रह केला तेव्हा पुन्हा प्याल्या. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बघत होतो. सुमनबाईने सरपण ठेवून घेतलं, असं माझ्या मनात आलं.

पाहुणे पांगले. आम्ही निघालो. मॅडम गाडीत बसल्या, नानांनी पिशवी मागच्या सीटवर ठेवली, मी किल्ली फिरवली. आणि मॅडम दार उघडून पुन्हा खाली उतरल्या. ठरवलेलं वाक्य त्यांना आठवलंच नाही. तोंडातून आली ती अहिराणी.

‘‘भाऊ, माले धुळामाच ऱ्हानं शे.’’

नानांना आधी नीट कळलं नाही. सामान आवरेपर्यंत म्हणतेय, असं त्यांना वाटलं. मग कळलं. ‘‘तठे कोन शे तुन्हं?’’ त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

‘‘कोनी नही,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘कोनी नही म्हनीसनच.’’

वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. नाना नव्या घराकडे बघत राहिले. ‘‘लोके काय म्हनतीन, मालू? एकली बहीनले घरमा नही लिधं म्हनतीन.’’

‘‘म्हनतीन,’’ मॅडम म्हणाल्या.

नाना वळून आत गेले. मला वाटलं, आता हे दार लागलं ते लागलं. मॅडम तशाच गाडीला टेकून उभ्या. वरच्या खोलीतून ठोकल्याचा आवाज यायला लागला. थोड्या वेळाने नाना जिन्यावरून उतरले, खांद्यावर दोन फळ्या, शर्टावर चुन्याचा भुगा. ‘‘सर, गाडीमा मावतीन का?’’ त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मावतील. त्या काही मावणाऱ्या नव्हत्या. नाना वर-खाली करत होते आणि मी पुढची सीट पाडून, काच उघडून एकेक आत सरकवत होतो. शेवटची फळी देताना ते बहिणीकडे न बघता म्हणाले, ‘‘भिंतले ओल देखीसन लाव.’’

धुळ्यापर्यंत फळ्या माझ्या कानाशी आणि खिडकीबाहेर हातभर. मागे कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या मॅडम अमळनेर जाईपर्यंत रडत होत्या. मी मागे बघितलं नाही. मध्येच एकदा त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, ‘‘बघा, ह्या माणसाला मी ‘तथापि’ म्हणणार होते.’’

फ्लॅटवर पोचल्यावर त्यांनी चहा टाकला. मला दुधाचा, स्वतःला कोरा. मी कपाकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. ‘‘लहानपणापासून नाही आवडत,’’ त्या म्हणाल्या. मी कप खाली ठेवला. मग आमच्या घरी? माझ्या लग्नात? ‘‘तुमच्या आईने वेलची घातली होती हो,’’ एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही दोघं खूप हसलो. बहुधा रडण्याचा पुढचा भाग होता तो.

नाना पुढचे बरेच महिने आले नाहीत. दिवाळीलाही आले नाहीत. मॅडम धरणगावला जाऊन येत, नाना दुकानात बसून राहत. दुसऱ्या वर्षी वांग्यांचा हंगाम आला तेव्हा एक दिवस पिशवी घेऊन आले, फळ्यांना हात लावून बघितला, एक फळी तिरकी आहे म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर मागितला. हे मला मॅडमनी फोनवर सांगितलं. त्यांचा आवाज सांगताना लहान मुलीसारखा झाला होता. वरच्या खोलीत आता नानांची नात अभ्यास करते.

मी पुढे जळगावला आलो. मॅडमशी बोलणं फोनवर होतं, फोनही मीच करतो. माझ्या वर्गात मीही एक जपानी कथा शिकवतो, मुलांना पात्रांची नावं पाठ होत नाहीत, आणि त्यांना घरची नावं देताना मी कोणाची नक्कल करतोय ते मला चांगलं माहीत असतं. मी वर्गात काही बरं बोलतो ते बहुतेक त्यांचं आहे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, इथे सांगतो.

गेल्या हिवाळ्यात पेपर तपासणीच्या कामाने एका सहकाऱ्याबरोबर धुळ्याला गेलो होतो. दुपारी जेवायला म्हणून महामार्गालगतच्या एका शेवभाजीच्या हॉटेलात शिरलो. आत ट्रकवाले, कंपनीची पोरं, कांदा-लिंबू, आरडाओरडा. आणि पंख्याखालच्या टेबलावर बैसाणे मॅडम. एकट्या. पाण्याच्या जगला टेकवून पुस्तक उभं केलेलं, उजव्या हाताने भाकरी शेवभाजीत बुडवत होत्या आणि डाव्या हाताने पान उलटत होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले. वाचताना एकदा हसल्या, घास हातात तसाच राहिला. शेजारच्या टेबलावरचे दोघे त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलले. त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

माझे पाय आपोआप पुढे निघाले. आपल्याकडे गुरू दिसले आणि पाया न पडता गेलं तर त्याला माणूस म्हणत नाहीत. दोन पावलं गेलोही. मग थांबलो. मी गेलो असतो तर पुस्तक मिटलं असतं. त्यांनी माझ्यासाठी थाळी मागवली असती, सहकाऱ्याचं गाव विचारलं असतं, माझ्या मुलांची चौकशी केली असती. जेवण झाल्यावर मी चहा मागवला असता तर तोही त्या ‘वा’ म्हणून प्याल्या असत्या. मी सहकाऱ्याचा दंड धरला आणि त्याला बाहेर घेऊन आलो.

‘‘अरे, त्या तुझ्या बैसाणे मॅडम ना?’’ गाडीशी आल्यावर तो म्हणाला. ‘‘भेटला नाहीस?’’

‘‘एकट्याच बसल्या आहेत,’’ मी म्हणालो.

‘‘मग तर जायलाच हवं होतं.’’

आम्ही पुढच्या हॉटेलात जेवलो.